‘गाठ’ म्हटली की…

मैत्रिणींनो, आपल्या घरची वडीलधारी पुरुषमंडळी गुडघेदुखीवर तासभर बोलतील, पण लघवीची तक्रार काही ओठांवर आणायची नाहीत. आमचे मामंजी त्यातलेच. रात्रीतून चार-चार वेळा उठायचे, ते ठाऊक फक्त सासूबाईंना. एके दिवशी लघवी साफ अडली, तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. प्रोस्टेट ग्रंथी वाढली होती. गोळ्यांनी भागेना, म्हणून लेझरची शस्त्रक्रिया ठरली. ह्यात पोटावर चिरा नसतो. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून ग्रंथीचा वाढलेला भाग आतून सोलून काढतात.

त्या दिवशी हे औषधं आणायला खाली गेले आणि नेमके तेव्हाच डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, “मूत्राशयात एक लहानशी गाठ दिसतेय. सोनोग्राफीत आली नव्हती. साधीच वाटते, पण काढून तपासलेली बरी. तुमची संमती हवी.”

माझ्या पोटात गोळाच आला! मी सून, मी काय सांगणार? एकदम सुचलं ते विचारलं, “मामंजी जागे आहेत ना? त्यांना सांगितलंत?”

कमरेत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे ते जागेच होते. डॉक्टर म्हणाले, “घाबरतील, म्हणून आधी तुम्हाला विचारलं.”

“घाबरले तरी शरीर त्यांचं आहे हो,” मी म्हटलं.

पाच मिनिटांनी आतून निरोप आला : “काढा म्हणाले. आणि सूनबाईला म्हणावं, जेवून घे.”

डॉक्टरांनी आधी ती गाठ मुळापासून काढून वेगळ्या बाटलीत ठेवली. ग्रंथीचे तुकडे दुसऱ्या बाटलीत. एकत्र झाले असते, तर कशात काय सापडलं ते कसं कळणार?

रिपोर्टला आठ दिवस लागले. तोवर घरात ‘गाठ’ हा शब्द कुणी उच्चारेना. शेवटी मामंजीच सासूबाईंना म्हणाले, “अगं, गाठच आहे, सुटेल!” आणि खरंच सुटली. दोन्ही रिपोर्ट साधे आले, कर्करोग नाही. तरी काही महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहायचं आहे, ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. आत आणखी काही सापडलं, तर काय करणार? आणि तेव्हा कुणाला विचारणार? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तीही न विसरता सांगा. ‘साधी वाटते’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका, आणि ‘गाठ’ म्हटल्याबरोबर रडूही नका. खरं काय ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

आणि हो, ज्याचं दुखणं, त्याच्यापासून ते लपवू नका. आम्हा सगळ्यांपेक्षा मामंजीच धीराचे निघाले!