रजिस्टरात नसलेलं नाव

आमच्या मंडळीत एक बाई कैक वर्षं उपासनेला येतात. भजनं तोंडपाठ, दान नेमानं. पण बाप्तिस्मा घेतलेला नाही. प्रभुभोजनाच्या वेळी त्या मागच्या बाकावर तशाच बसून राहतात. मला त्यांचा राग यायचा. मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी त्या थांबल्यात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की तो दर्जा गमावतो. पुढे शिखांना १९५६ मध्ये, बौद्धांना १९९० मध्ये तो मिळाला; आपल्याला नाही. हे माहीत असूनही ‘यांना येशू फुकटात हवा’ असं मी पंचांच्या बैठकीत बोललो.

एकदा समजूत घालायला त्यांच्या घरी गेलो. सासू अंथरुणाला खिळलेली. याच सासूनं एकेकाळी यांचं बायबल चुलीत घातलं होतं. “काका, जरा खांद्याला धरता का? चादर ओली झालीय.” धरलं. उग्र वास आला आणि माझा हात आखडला. म्हातारी शिव्या देत होती. बाई “झालं हं आई, झालं” म्हणत पाठीवरच्या जखमेभोवती कापूस फिरवत होत्या, झोंबू नये म्हणून फुंकर घालत होत्या. मी साबण कुठे दिसतोय का ते बघत होतो. जे सांगायला गेलो होतो ते घशातच राहिलं.

माझा बाप्तिस्मा मी तान्हा असताना झाला. येशूसाठी मी आजवर काय सोडलं? शत्रूवर प्रीती करा, हे वचन वेदीपाशी उभं राहून किती वेळा वाचलं; चादर कुणाची बदलली? आणि मी सोडायला सांगत होतो तो दाखला तरी कुणाचा? त्यांच्या लेकराचा. किंमत त्यानं मोजायची आणि निष्ठा मी तपासायची!

कवी रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. टिळकांची भजनं मी आवडीनं गातो. दरबाराची गोष्ट मात्र कवीचा भाबडेपणा म्हणून सोडून दिली होती.

बाप्तिस्मा मला आजही मोलाचा वाटतो. शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, ही प्रभूचीच आज्ञा आहे. बाईंनी तो घ्यावा असं वाटतंच. पण त्या शिष्य आहेत की नाहीत, हे मी रजिस्टर उघडून ठरवणार नाही. पुढच्या बैठकीत माझे शब्द मागे घ्यायचे आहेत. त्याआधी त्यांच्या घरी जायला हवं. ते शब्द त्यांच्या कानावर गेले असणारच.