घरचा अभ्यास

'घरचा अभ्यास' ह्या शब्दांतील 'घर' ह्या पहिल्या पदाकडे आम्हां शिक्षकांचें लक्ष क्वचितच जातें. अभ्यास किती द्यावा, तो केव्हां तपासावा, न करणाऱ्यास काय म्हणावें, ह्यांचा विचार आम्ही पुष्कळ करतों. परंतु ज्या घरांत तो जावयाचा, तेथें वही ठेवावयास निवांत कोपरा आहे कीं नाहीं, शेजारीं बसून दोन शब्द सांगणारें कोणी आहे कीं नाहीं, हें बहुधा कोणी विचारीत नाहीं. ज्या घरीं इंग्रजी वाचणारें मनुष्य आहे, तेथें इंग्रजीचा अभ्यास म्हणजे शाळेचा तास थोडा लांबला इतकेंच. जेथें तसें मनुष्य नाहीं, तेथें तो एखाद्या बड्या पाहुण्यासारखा येतो. दूरदर्शन बंद होतें, सर्वजण आवाज खालीं करतात, आई उठून आंत जाते, आणि मूल त्या परक्याजवळ एकटें बसतें.

हा विचार आमच्या मनांत घोळूं लागला तो शिवऱ्यास. पुण्याहून साताऱ्याकडे जातांना खेड-शिवापूर मागें टाकलें कीं नसरापूरच्या अलीकडे भोर तालुक्यांतील हें गांव लागतें. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्यास तें दिसतें न दिसतें तोंच मागें पडतें. एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून गेलीं चार वर्षें आम्ही रविवारीं सकाळीं तेथें जातों व नववीपासून बारावीपर्यंतचीं, इंग्रजींत बरीं म्हणून निवडलेलीं, चौदा मुलें घेऊन बसतों. गांवानें ह्यास 'वरचा वर्ग' असें नांव दिलें आहे. महाविद्यालयांत इतकीं वर्षें शिकवूनहि आमच्या वर्गास इतकें भारदस्त नांव कधीं मिळालें नव्हतें.

वर्ग खरोखरीच वरचा आहे. २००० सालापासून महाराष्ट्रांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवितात. तेव्हां ह्या मुलांच्या हातीं आठ-दहा वर्षें इंग्रजी पुस्तक आहे. अर्ज कसा लिहावा, संवाद कसा रचावा, बातमीस मथळा कसा द्यावा, हें त्यांस चांगलें अवगत आहे. लेखीचे ऐंशी आणि तोंडीचे वीस गुण कोठें कसे पडतात ह्याचें त्यांचें ज्ञान तर आमच्याहून सूक्ष्म आहे. गेल्या आषाढांत आम्हीं त्यांस 'आपली आई' ह्या विषयावर एक पानभर लिहून आणण्यास सांगितलें. चौदा वह्या आल्या. व्याकरण बहुतेक शुद्ध होतें. चौदाहि वह्यांत आई 'हाउसवाइफ' होती. ती पहांटे उठत होती, रुचकर पदार्थ करीत होती, आणि सायंकाळीं मुलांस गोष्टी सांगत होती.

त्याच आठवड्यांत शिवऱ्याच्या खाचरांतून भाताची आवणी चालली होती. वर्गाकडे येतांना आम्हीं ह्यांतील निदान पांच-सहा माता गुडघाभर चिखलांत, पाठ वाकवून, डोक्यावर इरलें नाहीं तर प्लास्टिकचा कागद घेऊन रोपें लावतांना पाहिल्या होत्या. आणखी दोघी-तिघी महामार्गालगतच्या गुदामांत खोकीं भरण्याच्या कामास जातात, हें गांवांत सर्वांस ठाऊक आहे. मग ही 'हाउसवाइफ' आली कोठून? तिला लबाडी म्हणावें तर तशी ती नव्हती. मुलांची प्रामाणिक समजूत अशी, कीं इंग्रजींत आई असावयाची ती अशीच. आपली आई इंग्रजींत मावणारी नव्हे.

ह्या समजुतीचा दोष एकट्या गाईडास देणें सोपें आहे, परंतु तिचें मूळ फार जुनें आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं इंग्रजीस वाघिणीचें दूध म्हटलें, आणि १८८० त टिळकप्रभृतींसह पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें. तेव्हांपासून तें दूध पचविणें हा मराठी मध्यम वर्गाचा कुलाचार होऊन बसला. मात्र चिपळूणकरांनीं स्वतः १८७४ पासून निबंधमाला लिहिली ती मराठींत, ही गोष्ट आम्ही सोयीस्करपणें विसरलों. वाघिणीच्या दुधानें आलेलें बळ त्यांनीं घरच्या कामास लावलें. आमच्या पिढीस ज्यांनीं घडविलें त्या तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेची हल्लीं पुष्कळ थट्टा होते, आणि तींतील कांहीं वाक्यें हांसण्याजोगीं आहेतहि. पण तेथें एका अंगास मराठी वाक्य उभें असे. इंग्रजीकडे जावयाचें तें मराठीच्या दारांतून, एवढें तरी तींत गृहीत होतें. आतां तें दार बंद करून, मराठीचा विटाळ नको, थेट इंग्रजींतच विचार करा, असें सांगतात. ज्या मुलाचें घर मराठींत आहे त्यानें थेट इंग्रजींत विचार करावयाचा म्हणजे घराविषयीं विचारच करावयाचा नाहीं, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून पुढील अभ्यास आम्हीं निराळा दिला. आईस, नाहीं तर आजीस, 'काल पहांटेपासून निजेपर्यंत काय काय केलेंस?' असें विचारावें. ती सांगेल तें तिच्याच शब्दांत मराठींत टिपून घ्यावें. मग त्याचें इंग्रजी करावें. जो शब्द जात नाहीं तो तसाच ठेवावा आणि तो काय आहे हें एका वाक्यांत सांगावें.

आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत इतका गोंगाटाचा वर्ग झाला नाहीं. 'तरवा' म्हणजे रोप खरें, पण लावणीसाठीं उपटावयाचें रोप. त्यास काय म्हणावें? 'राब' भाजणें हें एका क्रियापदांत कसें बसवावें? आवणीस 'ट्रान्सप्लांट' हा शब्द आम्हीं सुचविला, तेव्हां अकरावीतील एक मुलगा संशयानें म्हणाला, "सर, ट्रान्सप्लांट तर किडनीची असते." पुण्याच्या रुग्णालयाच्या फलकावर त्यानें तो शब्द वाचला होता, आपल्या खाचरांत तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे ह्याची त्यास वार्ता नव्हती. सर्वांत अधिक वेळ गेला तो 'वाफसा' ह्या शब्दावर. पाऊस पडून गेल्यावर जमीन फार ओली नाहीं, फार कोरडी नाहीं, औत घालण्यास अगदीं योग्य, अशी जी स्थिति, ती एवढ्या एका शब्दांत आहे. नववीतील एका मुलीनें अखेर ती दीड ओळींत बसविली. ती दीड ओळ आमच्या मतें त्या वर्षींचें त्या वर्गांतील सर्वांत वरचें इंग्रजी होय. आणि तींत एकहि अवघड शब्द नव्हता.

मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ त प्रसिद्ध झाला व १८५७ त त्याची दुसरी आवृत्ति निघाली. एक लष्करी अधिकारी देशी पंडित हाताशीं घेऊन मराठी शब्दांचे अर्थ खोदून काढीत बसला, त्यानें जें केलें तेंच हीं मुलें उलट दिशेनें करीत होतीं, असें आम्हीं त्यांस सांगितलें. त्यांस त्याचें फारसें कौतुक वाटलें नाहीं. आजीस मात्र वाटलें असें एकानें सांगितलें, "इंग्रजांच्या पुस्तकात आपली शेती?" असें ती म्हणाली म्हणे.

येथवर सर्व गोड झालें. पण बारावीच्या एका मुलीनें वही आमच्या हातीं देतांना हळूच म्हटलें, "सर, माझं मोठ्यानं वाचू नका." वाचून दाखविण्याची सक्ती आमच्या वर्गांत पहिल्यापासून नाहीं, आम्हीं ती वही घरीं नेली. तिची आई दिवसां दुसऱ्याच्या खाचरांत आवणीस जाते आणि रात्रपाळीस गुदामांत. त्या दोहोंच्या मध्यें जे अडीच तास उरतात त्यांचा हिशेब त्या मुलीनें मिनिटामिनिटानें लिहिला होता. ह्या मुलीस 'हाउसवाइफ' हा शब्द खोटा असला तरी मोलाचा होता. इंग्रजी हीच एक जागा अशी होती कीं जेथें तिची आई घरीं बसून लेकरांस गोष्टी सांगूं शकत असे. खरें लिहावयास सांगणारा शिक्षक ती जागा तिच्यापासून घेतो, हें विसरून चालत नाहीं. आम्हीं वहीच्या शेवटीं दोन चुका दुरुस्त केल्या आणि त्याखालीं, हें पान जपून ठेव, एवढेंच लिहिलें.

आतां यंत्राविषयीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी लोकांच्या हातीं आलें, आणि शिवऱ्याच्या मुलांच्या खिशांत पोहोंचण्यास त्यास फार दिवस लागले नाहींत. पूर्वीं थोरल्या भावाची वही असे, मग गाईड आलें, आतां हें. आमचे सहकारी ह्यावर हताश होतात. आम्हांस तितकें भय वाटत नाहीं. आई काल पहांटे कितीला उठली हें त्या यंत्रास ठाऊक नसतें. तें आईसच विचारावें लागतें. एका चतुर मुलानें आजीचें बोलणें टिपून तें यंत्राकडून इंग्रजी करून आणलें. भाषा आमच्याहूनहि सफाईदार होती. परंतु वाफशाचें तेथें वाफेनें भाजलेली जमीन असें कांहींसें झालें होतें. वर्गानें तें पकडलें आणि त्या मुलास तीन आठवडे 'वाफ' ह्या नांवानें हांक मारली. तसेंच तें यंत्र दिवसेंदिवस शहाणें होत आहे, आणि उद्यां वाफसाहि त्यास बिनचूक येईल, हें आम्ही जाणतों. तरी आजीसमोर बसून ऐकण्याचें काम मुलाकडेच राहील.

पालक सर्व खूष आहेत असें नाहीं. बारावीतील एका मुलाचे वडील एके दिवशीं वर्ग सुटतांना उभे राहिले आणि म्हणाले, "सर, राग मानू नका. पण असल्या अभ्यासानं मार्क पडायचे का? शिरवळच्या कंपनीत घेताना आजीचं कोण विचारणारंय?" प्रश्न रास्त होता. इंग्रजी म्हणजे शिरवळच्या कारखान्यांत उन्हांत उभें राहण्याऐवजीं पंख्याखालची खुर्ची, हा हिशेब ज्यानें उन्हांत जन्म काढला त्यानें मांडला तर त्यास हलका म्हणण्याचा आम्हां पगारी माणसांस अधिकार नाहीं. अर्धा तास आम्ही परीक्षेस देतोंच, हें त्यांस सांगितलें. त्यांचें समाधान झालें नाहीं.

त्या रविवारचा अभ्यास असा होता: घरांत पडलेला कोणताहि एक इंग्रजी कागद वाचावा आणि घरच्यांस त्याचा अर्थ मराठींत सांगावा. कोणी औषधाचें वेष्टन आणलें, कोणी विम्याचें पत्र. ह्या मुलानें घेवड्यावर फवारावयाच्या औषधाच्या डब्याबरोबरचें बारीक अक्षरांतील पत्रक वाचलें. डब्यावरच्या चौकटींतील त्रिकोण तांबडा असेल तर औषध अत्यंत विषारी, पिवळा असेल तर त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा सर्वांत सौम्य. फवारल्यावर अमुक दिवस शेंग तोडूं नये. अंगावर उडालें तर काय करावें, पोटांत गेलें तर डॉक्टरांस काय सांगावें: हें सर्व त्यानें जेवतांना वडिलांस सांगितलें. त्यांच्या डब्यावरचा त्रिकोण पिवळा होता. फवारणीनंतर शेंगा किती दिवसांनीं तोडीत, हें आम्हीं विचारलें नाहीं व त्यानेंहि सांगितलें नाहीं. वडील काय म्हणाले, असें मात्र विचारलें.

"काही नाही," तो म्हणाला, "जेवून उठले."

पुढच्या रविवारीं तो आला तेव्हां त्याच्या पिशवींत आणखी दोन पत्रकें होतीं. एक घरचें आणि एक चुलत्यांनीं पाठविलेलें.