अज्ञात व्यक्ती

वाईहून कृष्णाकाठाने मेणवलीला गेले की नाना फडणविसांचा वाडा लागतो. वकिलांनी आणि बातमीदारांनी नानांना धाडलेली जी पत्रे एके काळी अत्यंत गुप्त होती, ती आज इतिहासाची साधने झाली आहेत. गुप्ततेलाही वय असते, हे त्या वाड्यात मला दर वेळी जाणवते. ते वय सरण्याआधीच कागद फुटला, तर उत्तरदायी कोण?

१८८२ साली या प्रश्नाची झळ टिळक-आगरकरांना लागली. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारी पत्रे हाती आली, आणि 'केसरी' व 'मराठा'तून त्यांच्यावर टीका झाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रे बनावट ठरली. दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतू शुद्ध असूनही कागद पारखण्यात ते चुकले होते; पण त्या चुकीखाली त्यांची नावे होती.

मार्च २०२१ मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पोलिसांच्या बदल्यांतील कथित गैरव्यवहारांविषयीच्या एका गोपनीय अहवालाचा पत्रकार परिषदेत हवाला दिला. तो अहवाल राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन आयुक्त रश्मी शुक्ला यांचा होता. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यान्वये मुंबईत गुन्हा नोंदला गेला, तो 'अज्ञात व्यक्तीं'विरुद्ध. पुढे राज्यात सत्तांतर झाले, २०२२ मध्ये तपास सीबीआयकडे गेला आणि अखेरीस प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर झाला.

या दोन प्रकरणांतील अंतर मला अस्वस्थ करते. १८८२ मध्ये न्यायालयासमोरचा प्रश्न होता: कागद खरा की खोटा? २०२१ च्या गुन्ह्यातला प्रश्न वेगळा होता: कागद बाहेर गेला कसा? बदल्यांचा बाजार खरोखर भरत होता काय, हा नागरिकाचा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. सत्तेत असताना गुपित पवित्र वाटते आणि विरोधात असताना तेच गुपित फोडणे कर्तव्य वाटते. ही वृत्ती कोणा एका पक्षाची नव्हे.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) सांगते की, सार्वजनिक हित संभाव्य हानीहून मोठे असेल तर गुपिते कायदा असूनही माहिती देता येते. म्हणजे कागद झाकणाऱ्यालाही कारण सांगावे लागेल. छापणाऱ्याने सत्याची जबाबदारी घ्यावी, फोडणाऱ्याने हेतूची. परंतु शिक्का मारणाऱ्याने झाकण्याची जबाबदारी घेतल्याखेरीज हा हिशेब पुरा होत नाही. तोवर त्या फिर्यादीतली 'अज्ञात व्यक्ती' म्हणजे, मला वाटते, आपण नागरिकच. ज्यांना काहीच ज्ञात होऊ दिले जात नाही.