झोका आणि लियापुनोव

नागपंचमीला झोक्यावर उभी राहिलेली मुलगी नीट पाहावी. ती नुसती ताठ उभी राहिली तर झोका हळूहळू थांबतो. उकिडवी बसून राहिली तरी थांबतोच. पण दोन्ही टोकांना ती बसते, मधल्या खालच्या बिंदूपाशी उठते, आणि झोका चढत जातो. दोन्ही अवस्था झोका थांबवणाऱ्या. त्यांची अदलाबदल मात्र त्याला उंच नेणारी.

मधूनच नियम बदलणाऱ्या प्रणालींचं सगळं अवघडपण मला इथे दिसतं. एकेक नियम सुटा तपासून स्थैर्याची हमी मिळत नाही.

मग ती द्यायची कशी? अलेक्सांद्र लियापुनोवनं 1892च्या प्रबंधात वाट दाखवली, आणि मला ती आजही विलक्षण वाटते. प्रणाली पुढे कुठे कुठे जाईल हे सोडवत बसायचंच नाही. ऊर्जेसारखी एक राशी शोधायची: समतोलाच्या ठिकाणी शून्य, इतरत्र धन आणि गती चालू असताना सतत घटणारी. ती सापडली की सिद्धता झाली. नियम अनेक असतील तर त्या सगळ्यांखाली घटणारी एकच राशी हवी. रेषीय नियम कसेही बदलले तरी स्थैर्य टिकत असेल, तर अशी सामाईक राशी असतेच, हे मोल्चानोव्ह आणि प्यात्नित्स्की यांनी 1989मध्ये सिद्ध केलं. फक्त ती वर्गरूप, म्हणजे चलांच्या वर्गांनी आणि त्यांच्या जोडीच्या गुणाकारांनी बनलेली, असेलच असं नाही, आणि संगणकाला सहज शोधता येतात त्या नेमक्या वर्गरूप राशी.

सामाईक राशी नसली तर काळ मदतीला येतो. सुटे नियम स्थिर असतील तर प्रत्येकाला पुरेसा वेळ राहू द्यावं, म्हणजे बदलताना झालेली वाढ पुढच्या बदलाआधी ओसरते. 1999मध्ये हेस्पान्या आणि मोर्स यांनी ही अट सैल केली: मधेच दोन-तीन बदल घाईनं झाले तरी चालतील, सरासरी वेळ पुरेसा असला म्हणजे झालं. या सैलपणात मला गणिताचा उमदेपणा दिसतो. खऱ्या यंत्रांना वेळापत्रक काटेकोर पाळता येत नाही, हे त्यानं मानलं.

मात्र सगळ्यांसाठी एकच किल्ली मिळणार नाही. पायरीपायरीनं चालणारा रेषीय नियम म्हणजे एका मॅट्रिक्सनं गुणणं, आणि नियम बदलणं म्हणजे मॅट्रिक्स बदलणं. फक्त दोन मॅट्रिक्स घ्या, त्यांचे हव्या त्या क्रमानं गुणाकार करत राहा. ते सगळे गुणाकार मर्यादेत राहतील का, हे दरवेळी अचूक सांगणारी कृतीच असू शकत नाही, असं ब्लोंडेल आणि त्सित्सिक्लिस यांनी 2000मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे नवी प्रणाली समोर आली की तिच्यासाठी राशी पुन्हा शोधायला बसावं लागतं, आणि ती सापडेपर्यंत नुसत्या प्रयोगांवर विसंबता येत नाही.