शंभराला एक चिंचोका

वाईच्या मधल्या आळीतल्या आमच्या घराच्या परसात, न्हाणीचं पाणी वाहून जाई त्या चराला लागून, देवकापसाचं झाड होतं. शेतातली पऱ्हाटी हंगाम संपला की उपटून टाकतात. हे झाड मात्र वर्षानुवर्षं जागचं हललं नाही. आजी सकाळी फुलं तोडायला गेली की परडीत जास्वंदीबरोबर चार उकललेली बोंडंही आणी. तो कापूस विकायचा नाही, उशीत भरायचा नाही. वाती आणि वस्त्रमाळा, एवढंच त्याचं काम.

१९८५ साली अधिक श्रावण आला, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. आजीने नेमका त्याच वर्षी लक्षवातीचा नेम धरला. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत एक लाख वाती. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, मोठे भागाकार नुकतेच शिकले होते. पाटीवर हिशेब मांडून मी तिला सांगितलं, "आजी, रोज ६८० वळाव्या लागतील."

"होतील गं," ती म्हणाली. "देवानं महिना वाढवून दिलाय."

दुपारची जेवणं आटोपली, चूल सारवून झाली की ती माजघराच्या उंबऱ्याशी, उजेडाला बसे. परसातला कापूस लाखाला कुठून पुरणार? बाजारातूनही आणलेला असे. आधी सरकी काढायची. मग कापूस चिमटीने विंचरायचा, पलीकडचं दिसावं इतका विरळ करायचा. मग डाव्या तळव्यावर तो आडवा ठेवून, उजव्या हाताची बोटं चुलीतल्या राखेला टेकवून एकच ओढ. राख नसली तर घामेजल्या बोटांना कापूस चिकटतो आणि वात मध्येच जाड होते. फुलवातीला मात्र राख चालत नाही. तिला दुधाचं बोट लागतं, त्याने टोक ताठ बसतं. आजीच्या लाखातल्या वाती बोटभर लांबीच्या. शंभर झाल्या की त्यांची जुडी, आणि प्रत्येक जुडीमागे एक चिंचोका पितळी गडव्यात. चिंचोका टाकणं माझ्याकडे होतं.

बाहेर कृष्णेकाठचा पाऊस, पागोळ्यांची धार, गोठ्यातल्या म्हशीच्या गळ्यातली साखळी मधूनच वाजायची. आजी बोलत नसे. जपही करत नसे. मी तिच्या ओठांकडे मुद्दाम पाहिलं होतं, ते मिटलेले असत. अधूनमधून गडव्यात टण् आवाज व्हायचा, तेवढाच. तिने दोन मुलं लहानपणीच गमावली होती. आजोबांचं आजारपण वर्षानुवर्षं काढलं होतं. हे मला फार पुढे कळलं. त्या दुपारी मी फक्त तिची बोटं बघत होते. खरं तर मला शेजारी सागरगोटे खेळायला जायचं असे आणि पुढचा चिंचोका लवकर पडावा म्हणून मी वाट बघत असे. त्या वेळी ती शांतता मला जाणवलीसुद्धा नाही. ती आता जाणवते, चाळीस वर्षांनी, आणि इतकी स्पष्ट की राखेचा वास येतो.

कार्तिकात गडव्यात हजार चिंचोके झाले. ढोल्या गणपतीजवळच्या काशीविश्वेश्वराला तुपात भिजवलेल्या लाख वाती आजीने अर्पण केल्या आणि घरी येऊन पुन्हा कापूस घेऊन बसली. चार दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा होती, तिला साडेसातशे वाती लागणार होत्या.

पुढे आजी गेली, वाईचं घर विकलं गेलं. बँकेतल्या नोकरीसाठी मी डोंबिवलीला आले. वाती पाकिटात मिळू लागल्या. वीस वर्षं मी त्याच लावल्या आणि मला काही चुकल्यासारखंही वाटलं नाही. लोकलच्या महिला डब्यात बायका मटार सोलायच्या, मेथी निवडायच्या, कुणी फुलवातीही वळायच्या. मी खिडकीला डोकं टेकून झोपायचे.

२०१७ च्या उन्हाळ्यात आई पुण्यातल्या एका रुग्णालयात आयसीयूत होती. अकरा रात्री मी बाहेरच्या बाकावर काढल्या. काचेचा दरवाजा उघडला की सगळ्यांच्या माना एकदम वर जात. कुणी स्तोत्र पुटपुटत होतं, कुणी मोबाइल बघत होतं. मी डोळे मिटून मन शांत करायचा प्रयत्न केला. रिकाम्या हातांनी ते मला कधीच जमलेलं नाही. डोळे मिटले की दरवाजाच्या मागचंच सगळं दिसे. चौथ्या रात्री परिचारिकेने सांगितलेलं सामान आणायला खालच्या औषधांच्या दुकानात गेले. कापसाची दोन भेंडोळी आणली, त्यातलं एक पुरलं. दुसरं माझ्या मांडीवर राहिलं. केव्हा तरी माझी चिमूट त्यात गेली. राख नव्हती, दूध नव्हतं. बाटलीतल्या पाण्याचं बोट लावून मी फुलवात केली. मग दुसरी.

हा दवाखान्यातला कापूस देवकापसासारखा नसतो. कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो, तो यातून काढून टाकलेला असतो. म्हणून याला रक्त पटकन शोषता येतं. वळायला मात्र अवघड, बोटांखालून निसटतो. वीस-पंचवीस वाती बिघडल्या. तासाभराने माझ्या लक्षात आलं की दरवाजा मधे दोनदा उघडला होता आणि मी वर पाहिलं नव्हतं.

शेजारी परभणीकडची एक बाई होती. तिचा तरुण मुलगा आत होता. तिने बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं. "आमच्या घरी चार एकर कापूस," ती म्हणाली. "येचणीत बोंडाची टोकं लागून बोटं सोलून निघतेत बघा. असा निवांत कापूस कधी हातात घेतला न्हाई." मग तिने हात पुढे केला. मी अर्धं भेंडोळं तिला दिलं, एकदा करून दाखवलं. तिची बोटं राठ, चिरा पडलेली, त्यांत कापसाचे तंतू अडकत. तिच्या वाती जाड झाल्या, टोकं वाकडी. आम्ही पहाटेपर्यंत वळत होतो. दोघींनी एकमेकींना आतल्या माणसाबद्दल काही विचारलं नाही. माजघरातली ती दुपार मला त्या रात्री, ट्यूबलाइटच्या उजेडात, पहिल्यांदा नीट कळली.

सकाळी तिने तिच्या वाती माझ्या रुमालात घातल्या. म्हणाली, "आमच्याकडं एवढं तूप कुठलं, तुम्हीच लावा." त्याच दिवशी तिच्या मुलाला दुसरीकडे हलवलं. त्याचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. आई घरी आली आणि तीन वर्षं राहिली.

आता गच्चीत पिंपात देवकापूस लावलाय. पाकिटं आणत नाही. संध्याकाळी अर्धा तास कापूस घेऊन बसते. त्रिपुरी पौर्णिमेच्या वातींत त्या बाईची एक फुलवात ठेवते, तिच्या मुलासाठी. जाड असल्याने तिची ज्योत मोठी होते आणि तूप लवकर ओढते, म्हणून त्या निरांजनात थोडं जास्त घालते. तिने एकूण ३८ वळल्या होत्या. गेल्या नऊ वर्षांत नऊ लावल्या. डबीत २९ आहेत.