वाघूरकाठचा बेत

खूप दिवसांनी लिहायला बसलोय. घरात सहलीचं वारं शिरलंय आणि माझी वही पेट्रोलच्या हिशेबांनी भरलीय.

दर मे महिन्यात पुण्याची भाचरं जळगावला येतात. दोन दिवस आमरस, तिसऱ्या दिवसापासून कुलरसमोर मोबाईल. यंदा मी जाहीर केलं, एक दिवस बाहेर! पोरांना मासे पकडायचेत, बायकांना काहीतरी 'बघायचंय' आणि अण्णांना (माझे वडील, वय ७८, गुडघे त्याहून म्हातारे) कुठेच जायचं नाहीये. त्यात ऊन. मे महिन्यात पारा चाळीसच्या खाली आला तर आम्ही खान्देशी लोक त्याला गारवा म्हणतो.

नकाशा बघता बघता वाघूर सापडली. ही नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, सातकुंडातून खाली उड्या घेते, लेण्यांपुढे घोड्याच्या नालेसारखी वळते, मग पहूरवरून उतरत वाघूर धरणात येऊन थांबते. जळगावला पाणी याच धरणाचं. म्हणजे आमच्या नळाला येणाऱ्या पाण्याने आधी अजिंठा बघितलेला असतो! जन्म इथे गेला, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. (अजिंठा आमच्या जिल्ह्यात नाही, हे आम्ही पाहुण्यांना सहसा सांगत नाही.)

तर बेत असा. पहाटे पाचला निघायचं आणि आधी वरच्या व्ह्यू पॉइंटला जायचं. गाडी बरीच जवळ जाते, त्यामुळे अण्णांना लेण्यांच्या पायऱ्या नकोत. डोलीचं नाव काढलं तर म्हणाले, "अजून मेलो नाही मी." तिथून नदीने कापलेली अख्खी दरी दिसते, समोरच्या कड्यात लेणी. २८ एप्रिल १८१९ ला, असाच उन्हाळा असताना, वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला ती दिसली. त्या गड्याने दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव आणि तारीख खरडून ठेवली. पोरांना हे सांगावं की नाही, विचार करतोय.

उन्हं कलली की धरणावर. मासेमारी ठेक्याने दिलेली असते, म्हणून आधी तिथल्या माणसांना विचारून घ्यायचं. पण गळ टाकायचा कोणी? मला तर गांडूळ हातात धरवत नाही.

आमच्या घराण्यात हे येतं फक्त धुळ्याच्या नानांना, म्हणजे माझ्या काकांना. अण्णा आणि नाना लहानपणी पांझरेवर दिवसदिवस गळ टाकून बसायचे. आजी ओरडायची, मग तीच मासे साफ करायची. शेताची वाटणी झाली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दोघे भाऊ लग्नात समोर आले तर "बरं आहे ना?" एवढंच. बांधावरच्या दोन लिंबांवरून सुरू झालेलं आहे सगळं. खरं सांगायचं तर सहल मला याच्यासाठीच हवीय, लेणी काय पळून जात नाहीत.

परवा अण्णांना न सांगता नानांना फोन लावला. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग एकदम, "भाऊ येस का?" मी म्हटलं, येतील. (थाप!) "मंग गय मी लई येसू." फोन ठेवला.

रात्री जेवताना अण्णांना सांगून टाकलं. ते भाकरी कुस्करत राहिले. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी ताटात डोकं घातलं. हात धुताना म्हणाले, "त्याला म्हणावं कणकेत हळद घाल. नेहमी विसरतो."

सोमवारी लेणी बंद, म्हणून मंगळवार ठरलाय. दशम्या, ठेचा, पाण्याचे दोन जार. एका गाडीत मावणार नाही, दोन लागतील. कोण कुठल्या गाडीत हे मी मुद्दाम ठरवलं नव्हतं. आज सकाळी अण्णांनीच विषय काढला. "पुढची सीट माझी. माझे पाय दुमडत नाहीत. नाना बसेल मागे."