माती आमची नेली, कागद कुठं?

थोडं मोठं लिहिलंय. पण आपल्या खारेपाटातल्या आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा आपल्यातल्या बहुतेकांनी बाहेरूनच पाहिलीय. आत काय चालतं, हे फारसं कुणी विचारत नाही. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते, १९०४ पासून. त्याआधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं, १८४१ पासून. मग मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेने नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून वेधशाळा खाडीपलीकडे आपल्याकडे आली. जुने आणि नवे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी नोंदी घेतल्या आणि मगच कुलाब्याचं काम बंद केलं. किती शिस्तीची माणसं असतील ती!

आता पुढचं ऐका. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला सूर्याकडून आलेलं एक मोठं चुंबकीय वादळ पृथ्वीवर धडकलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली. त्या वादळाची नोंद कुलाब्याच्या वहीत होती. २००३ साली अमेरिकेतल्या आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळून ती नोंद वापरली आणि ते वादळ किती मोठं होतं याचा हिशोब मांडला. ही संस्था आज आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. उपग्रह, वीजवाहिन्या, मोबाइल यांना अशा वादळाचा किती धोका आहे, हे ठरवताना आज जगभर त्या अभ्यासाचा आधार घेतात. १४४ वर्षांपूर्वीची वही कुणीतरी नीट ठेवली आणि पुढच्यांना बघू दिली, म्हणून हे झालं. आज अलिबागचे आकडे जगाच्या सामायिक साठ्यात जातात. जपानमधल्या क्योटोचा विद्यार्थी अभ्यासासाठी ते फुकट बघू शकतो.

हे सगळं चांगलंच आहे, अभिमान वाटावा असंच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. अलिबागचा आकडा क्योटोला पोचतो, मग आमच्या बांधावरच्या मातीचा आकडा आमच्या गावात का पोचत नाही?

मी प्राध्यापक नाही. खारेपाटातला आहे, नोकरी पनवेलला, शेती नावापुरती उरलेली. लहानपणापासून बघतोय, दर दोनचार वर्षांनी कुणीतरी येतं. हातात वही, पिशव्या, बाटल्या. बांधाची उंची मोजतात, उघाडीचे फोटो काढतात, विहिरीचं पाणी आणि शेतातली माती नेतात. बायाबापड्यांना विचारतात, उधाणाचं पाणी कुठवर येतं, भात किती पिकतो, जिताडा अजून मिळतो का. आपण चहा देतो, सगळं सांगतो. ते निघून जातात. पुढे त्याचं काय झालं कुणालाच कळत नाही. आमचे भाऊकाका एकदा म्हणाले, "आमची माती नेली रं, पण कागद कुठं?" तेव्हा सगळे हसले होते. पण प्रश्न बरोबरच होता.

तर हा कागद असतो कुठे, ते शोधायला लागलो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पीएचडीचे प्रबंध पूर्वी विद्यापीठाच्या लायब्ररीत एका कपाटात पडून असायचे. २००९ साली यूजीसीने नियम केला की प्रबंधाची डिजिटल प्रतसुद्धा जमा करायची. त्यातून 'शोधगंगा' हा साठा उभा राहिला. गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था तो सांभाळते. आज देशभरातले लाखो प्रबंध तिथे आहेत, मराठीत लिहिलेलेही आहेत, आणि कुणीही ते पैसे न देता, लॉगिन न करता वाचू शकतो. आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठात येतात, त्या विद्यापीठाचेही आहेत.

शेतीचे प्रबंध 'कृषिकोश' नावाच्या साठ्यात मिळतात. त्यात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचेही आहेत. खाऱ्या जमिनीवर याच विद्यापीठाचं खास केंद्र पनवेलला आहे. खाऱ्या पाण्यात तग धरणारे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे भाताचे वाण तिथलेच. समुद्री मासळीवरचं संशोधन कोचीच्या केंद्रीय मत्स्य संशोधन संस्थेच्या साठ्यात खुलं आहे. कोळी बांधवांनी हा साठा खरंच बघावा. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, त्यापेक्षा लहान मासळी पकडायची नाही. ती यादी याच संस्थेच्या शिफारशीवर झाली. नियम पटो न पटो, तो कशाच्या आधारावर केला हे वाचता आलं तर सोसायटीच्या बैठकीत नुसत्या आवाजाऐवजी मुद्दा मांडता येतो.

म्हणजे दार अगदीच बंद आहे असं नाही. अर्धं उघडं आहे. बंद आहे तो अर्धा भाग म्हणजे जर्नलं.

संशोधक प्रबंधातलं चांगलं चांगलं काढून जर्नलमध्ये लेख छापतात. संशोधनाला पैसा बहुतेक वेळा सरकारचा, म्हणजे आपला. लेख लिहिण्याचे संशोधकाला पैसे मिळत नाहीत, तपासणाऱ्यालाही सहसा मिळत नाहीत. पण छापून आल्यावर तो लेख प्रकाशकाच्या कुलपात जातो. शेजारचा एमएस्सीचा मुलगा कांदळवनावरचा एक लेख शोधत होता. साइटने एका लेखाचे चाळीस डॉलरच्या आसपास मागितले. आपल्याच खाडीसारख्या खाडीवरचा दहा-बारा पानांचा लेख, आणि तीन हजारांच्या वर रुपये! त्याने लॅपटॉप मिटला.

यावर सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. 'एक राष्ट्र एक सदस्यता' ही योजना मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं, ६,३०० च्या वर संस्था. सरकारी विद्यापीठं, कॉलेजं आणि संशोधन संस्थांतल्या मुलांचा आणि शिक्षकांचा यात मोठा फायदा आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण कुलूप तसंच राहिलं, फक्त काही लोकांना किल्ली भाड्याने आणून दिली. शेतकरी, कोळी, गावचा पत्रकार, ग्रामपंचायत सदस्य, ज्यांच्याकडे कुठल्याच संस्थेचा लॉगिन नाही, ते अजून ओट्यावरच.

खरं तर यापेक्षा स्वस्त उपाय आपल्याकडे नियमातच आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ साली आणि केंद्राच्या विज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ साली धोरण केलं की आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाच्या लेखाची एक प्रत संस्थेच्या खुल्या साठ्यात ठेवायची. जर्नलमध्ये छापा, पण प्रत इथेही ठेवा, इतकं साधं. तक्रार आहे ती अंमलबजावणीची. ती ढिली आहे, आणि विचारणारं कुणी नाही. विचारायला हवं ते आपण.

आता कुणी म्हणेल, एवढं काय नडलंय? आम्हाला भात लावायचाय, प्रबंध वाचायचे नाहीत.

नडतं ते जनसुनावणीच्या दिवशी. आपल्या किनाऱ्याइतक्या जनसुनावण्या, मोजण्या आणि नोटिसा फार थोड्या भागांनी पाहिल्या असतील. पेण तालुक्यातल्या २२ गावांनी महामुंबई सेझच्या वेळी, २१ सप्टेंबर २००८ ला, जनमत दिलं ते आठवा. ही गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येतात, हा तिथला कळीचा मुद्दा होता. हा मुद्दा भावनेचा नाही, कागदाचा आहे. कागद हातात असला की साहेबाला उत्तर द्यावं लागतं.

कागदाची ताकद पांढऱ्या कांद्यानेही दाखवली. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमधला उल्लेख पुरावा म्हणून कामी आला. ते गॅझेटियर आज इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतं. इंग्रज साहेबाने एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेलं खुलं, आणि गेल्या वर्षी आपल्या पैशातून लिहिलेलं बंद, हा काय न्याय झाला?

एक शंका रास्त आहे, ती मीही ऐकलीय. सगळं खुलं केलं तर कंपनीवाले आणि जमिनीचे दलाल आधी वाचतील. कुठली जमीन खारवली, कुठल्या गावाला पाणी नाही, कोळ्यांची मासे मिळण्याची जागा कुठली, हे त्यांना आयतं मिळेल. यातली शेवटची गोष्ट मला मान्य आहे. माणसांची नावं, कुणाची खासगी माहिती, कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं ज्ञान हे त्यांना विचारल्याशिवाय छापूच नये, खुलं तर नाहीच नाही. पण बाकीच्याचं काय? ज्याच्याकडे पैसा आहे तो आजही चाळीस डॉलर भरून वाचतोच, पगारी सल्लागार ठेवतो. कुलपाने तो अडत नाही, आपण अडतो.

आणि कुलूप निघालं तरी एक अडचण उरतेच. भाषा. खाऱ्या जमिनीवरचा प्रबंध इंग्रजीत, तोही तसल्या इंग्रजीत की बीए झालेल्यालाही घाम फुटावा. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. कंपनीला जो नियम लागतो, तो आमच्या शेतातली माती नेणाऱ्या विद्यापीठाला का लागू नये? दोन पानं मराठीत. काय शोधलं, काय सापडलं, गावाने काय करावं. एवढंच.

म्हणून तीन मागण्या मांडतो. पटल्या तर आपापल्या ओळखीच्या प्राध्यापकांपर्यंत, सिनेट सदस्यांपर्यंत आणि आमदारांपर्यंत पोचवा.

एक, रायगडच्या गावांत झालेल्या प्रत्येक प्रबंधाला दोन पानांचा मराठी सारांश असावा, आणि त्याची एक प्रत त्या ग्रामपंचायतीला जावी.

दोन, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि जिल्ह्यातली सगळी कॉलेजं यांनी मुलांचे स्थानिक विषयांवरचे प्रकल्प अहवालही खुल्या साठ्यात ठेवावेत. बांध, रस्ते, पाणी, कचरा यांवर पोरं किती मेहनत करतात. मार्क मिळाले की फाइल कपाटात, आणि पुढच्या वर्षी दुसरी पोरं तेच पुन्हा मोजतात.

तीन, गावात कुणी माहिती घ्यायला आलं तर ग्रामसभेने सरळ लिहून घ्यावं: नाव, संस्था, विषय, आणि अहवाल कधी देणार. चहा जरूर द्या, पण कागदाची तारीख घ्या.

तोवर काय करता येईल? शोधगंगा आणि कृषिकोश मोबाइलवर उघडतात. शोधताना एक लक्षात ठेवा, आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, त्यामुळे जुनं काही हवं असेल तर कुलाबा नावाने शोधा. नुसतं रायगड टाकलं की छत्तीसगडचं रायगढही येतं, तेव्हा तालुक्याचं नाव जोडा. एखादा लेख कुलपात असेल तर लेखकाला साधा मेल करा. बहुतेक संशोधक आनंदाने प्रत पाठवतात, त्यांचं लिहिलेलं कुणीतरी वाचतंय याचंच त्यांना अप्रूप असतं. आणि गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना हे काम सांगा. त्यांना इंग्रजी येतं, आजोबांना बांध कळतो. दोघं एका खाटेवर बसली तर अर्धं काम होईल.

आपल्या गावावर कुणी अभ्यास करून गेलं असेल आणि त्याचं पुढे काय झालं हे माहीत नसेल, तर गावाचं नाव आणि साधारण वर्ष मला कळवा. शोधून बघतो. सापडलं तर इथेच टाकेन, मराठीत.